उधईची शेती पाहायला आलेला माणूस

शबानाचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीच्या आमच्या शाळेत आठवीच्या प्रयोगवह्या तपासत होते. "ताई, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. तिचे वडील सलीमचाचा चंद्रपूरच्या परकोटाआतल्या, जुन्या तटबंदीतल्या, एका गल्लीत पुस्तकांची बांधणी करायचे. त्यांचं-माझं रक्ताचं नातं नव्हतं. पण आज मी विज्ञान शिकवते आणि कोणी गाव विचारलं तर मान वर करून सांगते, या दोन्हींत त्यांचा हात आहे. त्यांना जाऊन आता सव्वा महिना झाला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी प्रॅक्टिकलचं जर्नल बांधायला त्यांच्याकडे गेले होते. तेव्हा मी तिथल्याच वसतिगृहात राहायचे. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातलं आमचं गोंडांचं गाव. घर मोहफुलांवर, तेंदूपानांवर आणि धानाच्या एका बांधीवर, एवढ्याशा शेतावर, चालणारं. हे मी मैत्रिणींना कधी सांगितलं नाही. "पोंभुर्ण्याची" म्हणून गप्प बसायचे. चाचांनी जर्नलवरचं नाव-आडनाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कामाचं सोडून भलतंच विचारलं, "बेटा, तू जंगलाकडची ना? उधई शेती करते म्हणते, हे खरं हाय का?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. उधई म्हणजे वाळवी, पुस्तकं बांधणाऱ्याची जन्माची वैरीण. पण त्यांनी रद्दीतून निघालेलं एक पुस्तक पुढे केलं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळे नावाचाही पत्ता नाही. त्यात लिहिलं होतं की काही जातींची वाळवी लाकूड खाऊन वारुळाच्या पोटात गादी रचते, तिच्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाऊन जगते. "इतके साल मी हिले रॉकेल घालून मारून राह्यलो," चाचा म्हणाले, "अन् ही आतमंधी वावर पिकवून राह्यली! मले कोणी सांगतलंच नाई." आपल्याला एवढी वर्षं फसवलं गेलं, अशी तक्रार होती त्या आवाजात.

"मले नाई माहीत," मी जरा तुटकच बोलले.

"मंग कोणाले माहीत असन?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आईले."

आणि हा माणूस खरंच माझ्याबरोबर गावाला आला. भर पावसाळ्यात, एका रविवारी, पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. एसटीत मी सारखी घराचा विचार करत होते... गळकं छप्पर, अंगणातल्या कोंबड्या, आईचं गोंडीमिश्रित बोलणं. चाचा मात्र खिडकीतून वारुळं मोजत होते.

आईनं वारूळ फोडायला साफ नकार दिला. "जीव राह्यते त्यात, भाऊ. तुमचं घर कोणी फोडलं तर?" पण रस्त्याच्या कामात मशीननं आदल्याच दिवशी एका वारुळाची कड कापली होती, तिथे ती आम्हाला घेऊन गेली. चाचा चिखलात गुडघ्यांवर बसले. आत अक्रोडासारख्या सुरकुत्यांची करडी गादी होती आणि तिच्यावर रव्यासारखे बारीक पांढरे कण. त्यांनी ओला हात शर्टाला पुसला, पान काढलं आणि तिथेच मोठ्यानं वाचायला लागले. आई कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. कुठे अडलं तर मी गोंडीत सांगत होते.

"हे लिवणाऱ्याले कोणं सांगतलं?" तिनं विचारलं.

"त्यानं बसून पाह्यलं असन, बाई."

"मंग टेकोड्यायचं काऊन नाई लिवलं?"

टेकोडे म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी. ती आतल्या गादीतूनच वर येते, हे आईला ठाऊक होतं. कोणत्या वारुळावर दरवर्षी येते, ढग गडगडून उकाडा धरला की किती दिवसांनी येते, खालची गादी मरू नये म्हणून न उपटता कशी खुडायची, आणि सगळी का काढायची नाही, हे ती बोलत गेली. चाचांनी खिशातली पेन्सिल काढली आणि पुस्तकाच्या समासात उतरवून घेऊ लागले. मधेच थांबून म्हणाले, "बाई, हे पुस्तक अर्धंच हाय. बाकीचं तुमच्यापाशी हाय."

माझ्या जर्नलमध्ये बुरशीची सुबक आकृती होती, बाणांनी नावं दिलेली. ती काढताना आईला एक शब्द विचारावा, असं मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी मला लाज वाटली... पण रोजची नव्हे, दुसरीच. परतताना आईनं पळसाच्या पानात बांधून दिलेले टेकोडे मी वसतिगृहात उघडपणे नेले आणि खोलीतल्या मुलींना ते कुठून, कसे येतात ते सगळं सांगितलं. गावाच्या नावासकट.

पुढे चाचा उधईला रॉकेल घालायचं थांबले, असं मात्र नाही. "दुकान तं वाचवाच लागते," म्हणायचे. फक्त घालण्याआधी हळूच "माफ कर" म्हणू लागले.

गेल्या आठवड्यात मी दुकानात गेले. आता बांधणीचं काम शबाना करते. टेबलावर एका वाचनालयाचं सुटं झालेलं पुस्तक पडलं होतं. विहिरी खोदणाऱ्यांवरचं. मधे कागदाची पट्टी खुणेला. शबाना म्हणाली, "अब्बा वाचल्याबिगर सुई लावत नसत. गिऱ्हाईक बोंबलून राह्यले, पण माझा हात नाई चालत. ताई, बाकीचं तुम्ही वाचा, मंग मी शिवते."

चाचांच्या स्टुलावर बसून मी खुणेपासून वाचायला सुरुवात केली. एक म्हातारा पाणाड्या उजाड माळावर जमिनीला कान लावतो, काठी रोवतो, माणसं खोदू लागतात. मुरूम लागतो, मग काळा दगड. लोक म्हाताऱ्याला हसतात. शबानानं ओवलेली सुई तशीच हातात धरली होती. बापाच्या हाताखाली तिनं आजवर पुस्तकं फक्त शिवली होती, उघडून वाचली नव्हती. पान संपलं आणि मी श्वास घ्यायला थांबले.

"मंग?" ती पुढे झुकली. "पाणी लागलं का?"

"मले तरी कुठी माहीत," मी म्हटलं आणि पान उलटलं.