चार मिनिटांचा फोन

माही आई एसटीत कंडक्टर. सकाळी ती वर्ध्याहून आंजीकडं निघे, अन् मी पॅसेंजरनं सिंदीले, कापसाच्या जिनिंगात. दोघंही चालत्या गाडीत, मंग फोन किती टिकणार? वर्षभरात आमचा अंदाज पक्का बसलता. सेवाग्राम सुटलं का मी फोन लावायचो. वरूडच्या पुढं माहं नेटवर्क जाय, म्हणजे चार मिनिटं. तिचं जाय आंजीच्या अलीकडच्या वळणावर, म्हणजे सहा. तिसऱ्या मिनिटाले आई म्हणे, "चाल, आता कामाचं बोल. वरूड आलं तुहं."

पहिले तीन मिनिटं मी नकला करायचो. तिचे डेपोतले साहेब, डब्यातले खोकणारे आजोबा. ती हासायची.

मंग कापसाच्या धुळीनं गळा बसला. नकला करणाऱ्याचा गळाच गेला तं राह्यलं काय? एका शनिवारी नोकरी सोडली. आईले सांगतलं नाई. ती चारले उठून डबा करे, तो घेऊन मी वर्ध्याच्या फलाटावर शेवटच्या बाकड्यावर बसायचो. वेळ झाली का फोन लावायचा अन् बसल्या गळ्यानं गाडी चालवायची. धडक-धडक, भोंगा, "गरम समोसेऽऽ". चौथ्या मिनिटाले तोंडानंच खरखर करून फोन कापायचा. सोमवार निभला, मंगळवारही निभला.

बुधवारी लय थकलतो. आई गुडघ्याचं सांगून राह्यलती, उभं राहून राहून कसं भरून येते ते. मी ऐकत बसलो अन् कापायचं विसरलो.

"काय रे, पाच मिनिटं झाले. वरूड नाई आलं?"

"गाडी उभी हाये, आई. सिग्नल नाई."

"उभी? मंग आत्तापर्यंत धडधडत कोण होतं?"

साहेब आठवले, आजोबा आठवले. गळ्यातून कोणीच निघेना.

"माह्या बाजूनं मिनिटभर हाये," ती म्हणली. "खरं सांग लवकर."

"नोकरी सोडली. शनिवारी."

तिकडं बसची घंटी वाजली, टण टण.

"अन् डबा?"

"इथंच खातो. फलाटावर."

मागून कोणीतरी म्हणलं, "बाई, आंजी एक द्या." मशीनमधून तिकीट निघाल्याचा आवाज आला.

"तीन दिवस झाले, मी चारले उठून राह्यली," आई म्हणली. रागावली नवती, नुसती थकलती. "तेवढं तं झोपू द्यायचं होतं, बाबू."

अन् वळण आलं. बरोब्बर सहा मिनिटं.

त्या सांजेले ती चहा पेत होती तवा तिच्या मोबाइलमधला चारचा गजर मी काढून टाकला. पाचचा लावला. तिनं पाह्यलं, अन् कप धुवाले नेला.