दोन लाल ठिपके

गल्लीत ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात, तो औषधं देणारा डॉक्टर नव्हे. तो मिक्सर, पंखे, इस्त्र्या आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. कोपऱ्यावर त्याचं चिंचोळं दुकान आहे. बंद पडलेलं काहीही त्याच्या टेबलावर ठेवा, तो दोन मिनिटं कान लावून ऐकणार, एक स्क्रू काढणार, दोन तारा हलवणार, की ते सुरू. म्हणून डॉक्टर. लोक त्याचं कौतुक करतात, आणि त्याचा हात खरोखरच कौतुकाचा आहे. फक्त त्याच्या बायकोला विचारू नका.

बायकोला गल्ली केकवाली म्हणते. हे नाव चारच वर्षांचं. त्याआधी एकोणीस वर्षं ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पट्ट्यावरून बिस्किटं येत, ती आठ-आठांचा पुडा बांधे. लाखो बिस्किटं तिच्या हाताखालून गेली असतील, पण भाजलं तिने एकही नव्हतं. भट्ट्या भिंतीच्या पलीकडे, आणि पॅकिंगच्या बायकांना तिकडे जायला बंदी. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्या बायका गळ्यात पडून रडल्या. ही चिडली. "एकोणीस वर्षं नुसता वास घेतला," म्हणाली, "आता भट्टीसुद्धा माझीच." आणि एका मोडीत निघालेल्या हॉटेलातून कमरेएवढा जुना ओव्हन टेम्पोत घालून घरी घेऊन आली.

ओव्हन म्हणजे नुसता खोड्यांचा बाजार. बटणावरचे आकडे कधीच पुसून गेलेले. मागचा डावा कोपरा जास्त तापणार. दाराचं रबर खालून सुटलेलं, तिथून वाफ फुस्सफुस्स करत बाहेर यायची. पण केकवालीने त्याच्याशी जमवून घेतलं, जशी माणसं खाष्ट सासूशी घेतात. बटणाच्या कडेला तिने लाल नेलपॉलिशने ठिपके काढले. एक ठिपका बनपावाचा, दोन ठिपके स्पंज केकचे, तीन बिस्किटांचे. तिच्या कृतींच्या वहीत तापमानाचा एकही आकडा नाही. ‘दोन ठिपके. चौदा मिनिटांनी डबे फिरव. फुस्स थांबलं की बघ.’ ती फुस्स ऐकत शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायची, आणि आवाज थांबला की उठायची. केक झालेला असायचा. डबे फिरवले की पुन्हा घड्याळ बघावं लागत नव्हतं.

वाढदिवसाचे केक, शेजाऱ्यांचे बन, असं चार वर्षं चाललं. मग एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमधून बोलावणं आलं. तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, सोमवारी सकाळी आठ वाजता आठ स्पंज केक आणा, आवडले तर रोजचं काम तुमचं. त्याच आठवड्यात औषधांच्या एका कंपनीनेही तिला विचारलं होतं. पॅकिंगला. पुन्हा पट्टा, पुन्हा टोपी, पुन्हा उभं राहून आठ तास. त्यांना सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. म्हणजे सोमवारी एकतर ओव्हन नाहीतर पट्टा. रोजचं काम मिळालं नाही, तर नुसत्या वाढदिवसांवर घर चालणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ती अंडी, लोणी आणि खोके आणायला घाऊक बाजारात गेली. तीन तासांनी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत आली, तर डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात उभा. चेहऱ्यावर असं हसू, की जणू घरात बाळ जन्मलंय.

"डोळे मीट," तो म्हणाला.

"अहो, हातात साठ अंडी आहेत. सरका."

तो सरकला आणि तिने पाहिलं. ओव्हन चकाचक. नवीन काळं बटण, त्यावर पांढरे ठसठशीत आकडे. दाराला नवीन रबर. आत नवीन दिवा.

"थर्मोस्टॅट बदलला," डॉक्टर म्हणाला. "जुना चाळीस अंश खोटं बोलत होता. चाळीस! एवढी वर्षं तू कशी भाजत होतीस देव जाणे. आता आकडा लावशील तेवढाच तापणार. दारातून वाफेचा थेंब बाहेर येणार नाही. उद्या तुझा महत्त्वाचा दिवस, म्हटलं सरप्राइज द्यावं."

केकवालीने पिशव्या हळूच खाली ठेवल्या. अंडी होती म्हणून हळूच.

"माझे ठिपके कुठे आहेत?"

"कसले? ते नेलपॉलिशचे डाग? जुन्या बटणाबरोबर गेले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डाग?" ती म्हणाली. "डाग? चार वर्षं लागली मला ते डाग शोधायला! माझी अख्खी वही त्या डागांत लिहिलेली आहे! कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी तुमच्या पाया पडले होते का, की या हो, माझा ओव्हन दुरुस्त करा?"

"अगं, पण तो बिघडलेला होता."

"तो बिघडलेला नव्हता! तो माझा होता!"

हे ती एवढ्या मोठ्याने बोलली, की वरच्या मजल्यावरून नणंद खाली आली. नणंदेचे कान भावाच्या बाबतीत भारी तिखट. सगळा प्रकार ऐकून ती म्हणाली, "वहिनी, दुसऱ्या बायका असा नवरा मिळावा म्हणून तरसतात. सुट्टीच्या दिवशी घाम गाळला त्याने तुझ्यासाठी, आणि तू तणतण करतेस?"

केकवालीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला घड्याळ आठवत होतं. कारखान्यात असताना ती मनगटावरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवायची, म्हणजे कंपनीची बस चुकत नसे. एक दिवस डॉक्टरने ते बघितलं आणि, तिला न सांगता, बरोबर करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बस तिच्या डोळ्यांदेखत गेली, अर्ध्या दिवसाचा खाडा झाला आणि सुपरवायझरने चार बायकांत झापलं. घरी येऊन सांगितलं तर डॉक्टर म्हणाला, "पण आता वेळ तर बरोबर आहे ना?" तेव्हा ती गप्प बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणाली होती मनाशी. आता तिला त्या गप्प बसण्याचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

"जुने भाग बसवा परत," ती म्हणाली.

डॉक्टर आयुष्यात काही फेकत नाही, त्यामुळे जुनं बटण आणि थर्मोस्टॅट डब्यात होते. पण रबर खरवडून काढताना त्याचे तुकडे झाले होते, आणि थर्मोस्टॅटची बारीक नळी वाकून मोडली होती. ठिपके घेऊन जुनं बटण तेवढं तिच्या तळहातावर आलं. नुसत्या बटणाचं ती काय करणार? ते तिने खिडकीत ठेवलं आणि साहित्य मोजायला घेतलं. दुपारचा एक वाजला होता.

पहिला केक नवीन बटण जुन्या जागेवर आणून भाजला. वीस मिनिटांत वरून कोळसा, आतून खीर.

"एकशेऐंशी लाव ना," डॉक्टर दारातून म्हणाला. "सगळ्या पुस्तकांत एकशेऐंशीच असतं."

दुसरा केक एकशेऐंशीवर टोपीसारखा फुगला, मधोमध फुटला आणि बाहेर काढताच बसला. तिसरा तिने आच कमी करून भाजला. तो फुटला नाही, बसलाही नाही, पण वरची साल चिकट. बोट लावलं की बोटाला येणार.

"थोडा जास्त वेळ ठेवायला हवा होतास," डॉक्टर म्हणाला. "कसं असतं, उष्णता..."

"बाहेर," केकवाली म्हणाली.

"मी फक्त सांगत होतो..."

"उंटावरून शेळ्या हाकू नका! बाहेर व्हा! आणि दार लावून घ्या!"

तो गेला. ती चिकट केकसमोर स्टुलावर बसली. त्या रागातच एक गोष्ट तिच्या लक्षात आली. घर गप्प होतं. ओव्हन तापलेला, तीन केक आत भाजून निघाले, आणि बाहेर एकदाही आवाज नाही. चार वर्षं तिने ऐकलेलं ते फुस्स कुठेच नव्हतं. वाफ आत कोंडून बसली होती. केक भाजत नव्हता, उकडत होता. दुरुस्तीवाल्याने ओव्हनचं नाक बंद करून ठेवलं होतं, आणि वर म्हणत होता, आता बघ कसा श्वास घेतो!

चौथा केक तिने त्याच कमी आचेवर ठेवला, चौदा मिनिटांनी डबा फिरवला, आणि दार बंद करताना खालच्या कोपऱ्यात लाकडी चमच्याचा दांडा अडकवला. बोटभर फट राहिली. क्षणभर काही झालं नाही. मग फुस्स.

तिने डोळे मिटून ऐकलं. आवाज पातळ झाला, तुटक झाला, थांबला. तिने दार उघडलं. केक सोनेरी, साल कोरडी, दाबला की उसळून वर येणारा.

नेमका तेव्हाच डॉक्टरला राहवलं नाही. त्याने दार किलकिलं केलं, चमचा बघितला आणि कळवळून म्हणाला, "अगं, नवीन रबर बसवलंय मी! आणि तू दारात चमचा घालतेस? सगळी उष्णता वाया!"

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं म्हणतात. डॉक्टरचं रबर जळत होतं आणि केकवालीची चार वर्षं. तिने चमचा उचलला, त्याच्या नाकासमोर धरला आणि शांतपणे म्हणाली, "यानंतर या ओव्हनला हात लावलात, तर हा चमचा कुठे अडकवायचा ते मी बघेन." डॉक्टरने पंचवीस वर्षांच्या संसारात तिचा हा आवाज ऐकला नव्हता. त्याने स्वतःच दार लावून घेतलं. तिने नेलपॉलिशची बाटली काढली आणि नव्या काळ्या बटणावर, पांढऱ्या आकड्यांची पर्वा न करता, दोन लाल ठिपके काढले.

सोमवारी पहाटे पाचला ओव्हन तापला. चार केक एका वेळी, दोन फेऱ्या. पावणेआठला खोके घेऊन ती डॉक्टरच्या स्कूटरवर मागे बसली. खोके धरायला दोन्ही हात लागत होते, म्हणून त्याला घ्यावंच लागलं.

कँटीनमध्ये मॅनेजरबाईंनी एक केक मधोमध कापला, तुकडा दोन बोटांनी दाबला, खाल्ला, दुसरा खाल्ला. "कोरडा नाही, चिकट नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून रोज आठ. जमेल?"

केकवालीने हातातला खोका खाली ठेवला. ती बोलणार, एवढ्यात मागून डॉक्टर पुढे झाला.

"शेवटी मशीन बरोबर पाहिजे हो," तो हसत म्हणाला. "कालच मी ओव्हनमध्ये नवीन थर्मोस्टॅट टाकला. म्हणून एवढं अचूक आलंय."

मॅनेजरबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे भाजायचं कामही तुम्हीच बघता का?"

पंचवीस वर्षांच्या सवयीने केकवाली गप्प बसायला गेली. सवय तोंडापर्यंत आली, आणि तिथून तिने ती परत पाठवली.

"नाही," ती म्हणाली. "हे स्कूटर चालवतात. आणि उद्यापासून रोज आठ जमतील."

औषधांच्या कंपनीला तिने तिथूनच फोन करून नाही म्हणून कळवलं. घरी जाताना डॉक्टर गाल फुगवून स्कूटर चालवत होता. तिने त्याची समजूत घातली नाही. का घालावी?

महिनाभराने अंडी फेटायचं मशीन कुरकुरायला लागलं. डॉक्टरचे हात शिवशिवत होते, पण चमचा आठवून तो लांबूनच बघत होता. केकवालीने मशीन जुन्या चादरीत गुंडाळलं, काखोटीला मारलं आणि भर अकरा वाजता, डॉक्टरच्या दुकानावरून, दोन स्टॉप पलीकडच्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे चालत गेली. सगळ्या गल्लीने बघितलं. न्हाव्याने वस्तरा थांबवून बघितलं. नणंद तर गॅलरीतून ओरडलीच, "घरात डॉक्टर असताना?"

संध्याकाळी मशीन नीट चालू होतं. डॉक्टर बराच वेळ त्याचा आवाज ऐकत बसला. कामात त्याला काही खोट सापडली नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी त्याने विचारलं, "एवढं काय येतं त्याला, जे मला येत नाही?"

"येत काही जास्त नाही," केकवाली म्हणाली. "मशीनला हात लावायच्या आधी त्याने मला विचारलं, 'ताई, काय होतंय याला?' मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग स्क्रू काढला."

 ओव्हनमध्ये उद्याचे चार केक होते, आणि दारातल्या चमच्यापाशी फुस्स चालू होतं. डॉक्टर उठून ओव्हनपाशी गेला, हात मागे बांधून उभा राहिला आणि बटणाकडे बघत म्हणाला, "हे दोन ठिपके कशाचे?"

"पंचवीस वर्षं लागली," केकवाली म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. पण तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्याला सांगायला लागली.