सोपानच्या डोक्यातलं जादा पाणी

दवाखान्यातला रोगी बरा होऊन घरी जातो, किस्सा मात्र तिथंच मुक्काम ठोकतो! एडिंबरोहून शिकून आलो आणि मोठ्या उमेदीनं इंदापुरात दवाखाना थाटला. पहिल्याच वर्षी माझ्या बाकावर रोग्यांपेक्षा किस्सेच जास्त झाले. त्यातले निम्मे एकट्या सोपानचे.

सोपान कळंबचा. बैलगाडीतून डोक्यावर पडला. डोकं दुखायचं थांबेना, म्हणून मी त्याला पुण्याला पाठवला. तिथं त्या काळच्या पद्धतीनं डोक्यात हवा भरून एक्स-रे काढला. फोटो बघून मी आनंदानं ओरडलोच, "सगळं नॉर्मल! मेंदूत पाण्याच्या पोकळ्या सगळ्यांनाच असतात. तुला मधल्या पडद्यात एक जादा आहे, जन्मापासूनची. अपाय काही नाही!"

'नॉर्मल' दवाखान्यातच राहिलं. 'जादा पाणी' संध्याकाळच्या मोटारीनं बावड्याला पोचलं. नेमकी तिथंच सोपानची सोयरीक ठरत आली होती!

*

दुसऱ्या दिवसापासून सोपान मान ताठ धरून चालू लागला. वडील गणपततात्या वैतागले.

"आरं, वाक की जरा! उसाच्या पाण्याचं दारं कोण धरणार?"

"वाकलं की सांडंल, तात्या!"

*

मग तात्या कालव्याचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यालाच दवाखान्यात घेऊन आले. त्यानं फोटो उन्हात धरून बराच वेळ बघितला.

"पाण्याच्या दोन मोठ्या चाऱ्या बराबर हायेत. मधली मंजूर न्हाय!"

"अहो, ती निसर्गानंच दिलीय!" मी म्हणालो.

"दिली आसंल. अर्ज कुटं हाय?"

*

शेवटी निरोप आला. मुलीचे वडील, रामआबा, सोयरीक मोडायला येताहेत. मुलगी सोपानच्या मनात पक्की बसलेली. तो रडकुंडीला आला. "डॉक्टर, पाणी तुमीच काढलंय, आता तुमीच आटवा!"

अज्ञानाशी लढायलाच तर मी परत आलो होतो! एक नारळ घेतला आणि कळंब गाठलं. तात्यांच्या ओसरीवर दोन्हीकडची मंडळी बसली होती.

"बघा!" मी गरजलो. "बाहेर कवटी, आत पाणी. कुणात थोडं, कुणात जादा. म्हणून काय नारळ नासका?" आणि बैठकीच्या मधोमध तो फोडला.

मग आतून बायकांनी साखर आणली. तात्यांनी वाजंत्र्यांकडे माणूस पिटाळला!

सोयरिकीच्या बैठकीत नारळ फुटला, की बोलणं पक्कं. हे एडिंबरोत कुणी शिकवलं नव्हतं.

रामआबांनी मला बाजूला घेतलं. तोंडात साखर तशीच.

"डॉक्टर, आता काय मोडता येत न्हाय. पर आमच्या पोरीचाबी फोटू काढा. तिच्यात जावयापरीस एक पोकळी कमी निघाली, तर सासरी जलमभर ऐकून घ्यावं लागंल!"