जळगाव ते धुळे, मिसिंग मारत

धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न धुळ्याला होतं आणि मी तिचा एकुलता एक मामा. नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर न्यायचा मान माझा. लग्न लागताना तिने नेसायची पिवळी साडीही मामाकडचीच, म्हणजे माझ्या डिकीत. शेजारी थोरली बहीण अक्का, मांडीवर पूजेची पिशवी घेऊन. अशा दिवशी म्हातारी गाडी बाहेर काढायला नको होती, पण हौसेला मोल नसतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या मेहरूणहून उजाडता उजाडता निघालो.

एरंडोलच्या अलीकडे गाडी मिसिंग मारायला लागली (उचकी लागल्यासारखे हिसके देऊ लागली). एरंडोलच्या गॅरेजवाल्याने प्लग काढून दाखवले. त्यातला एक काळाकुट्ट. तो पॉलिश पेपरने घासून परत बसवल्यावर इंजिन सुरळीत फिरायला लागलं. मी खूश होऊन समोर चहा प्यायला गेलो. येऊन किल्ली फिरवतो तर पुन्हा तेच, उलट जास्तच!

"आत्ता तर चांगली होती, भाऊ," गॅरेजवाला डोकं खाजवत म्हणाला.

तसेच हिसके खात निघालो आणि थोडं अंतर कापल्यावर गाडी आपोआप सुधारली. पळवली की बरी, थांबवली की आजारी. हे कसलं दुखणं, मला काही उमजेना.

आता कायमचा बंदोबस्त करावा म्हणून पारोळ्याला पुन्हा थांबलो. ही अवदसा मलाच आठवली. तिथला मिस्त्री म्हणाला, "प्लगला काही झालेलं नाही, कंडेन्सर गेलाय." त्याने नवा कंडेन्सर (ठिणगीला जोर देणारी छोटी डबी) बसवला. गाडी एका फटक्यात सुरू. तेवढ्यात धुळ्याला निरोप देता येतो का बघायला मी पोस्टात गेलो. फोन काही लागला नाही. परत आलो तर गाडी सुरू व्हायलाच तयार नाही. मिस्त्री आईची शपथ घेऊन सांगायला लागला की काम चोख केलंय. अक्का तेवढी शांत. "चल रे, देव नेईल," म्हणाली. एस.टी. गाठावी म्हटलं तर स्टँडवर लग्नसराईची ही गर्दी! शेवटी लोकांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. मुहूर्त जवळ येत होता.

फागण्याच्या अलीकडे गाडीने मानच टाकली. बॉनेट उघडून मी नुसता बघत उभा राहिलो. शेजारच्या शेतातून एक नाना आले.

"काय व्हयनं, भाऊ?" (काय झालं?)

मी प्लग, कंडेन्सर, सगळं रामायण सांगितलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"ते बठ्ठं खरं, पन इंजिनले कुकू कोनी लायं?" (ते सगळं खरं, पण इंजिनाला कुंकू कुणी लावलं?)

मी वाकून पाहिलं. डेल्को म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारी काळी टोपी. तिच्यावर ओल्या हळदीकुंकवाचा जाड थर, तारांच्या मुळापर्यंत ओघळलेला. प्लगकडे जायची ठिणगी त्या ओलीतूनच वाया जात होती. एरंडोलनंतर ती ओल पळत्या इंजिनाच्या उष्णतेने वाळली असणार, या वेळचा थर मात्र जाड होता. मी अक्काकडे वळलो. तिने मान खाली घातली.

"दोन्ही वेळा सुरू झाली ना रे, म्हणून लावलं. इथपर्यंत आणलं, पुढेही ने म्हटलं. तू हसशील म्हणून सांगितलं नाही."

मला भयंकर राग आला. अक्काने स्वतःच्या नव्या साडीच्या पदराने ती टोपी पुसली, आतून-बाहेरून कोरडी केली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. नानांना धड रामराम करायचंही सुचलं नाही.

धुळ्याच्या मांडवात पाय ठेवला तर जमिनीवर अक्षता सांडलेल्या आणि जेवणाची पंगत बसलेली. मामा म्हणून शेजारचा कुणी उभा राहिला होता. नवरीच्या अंगावर काकूची साडी. ती माझ्या पाया पडली आणि एवढंच म्हणाली, "मामा, मी सारखी दाराकडे बघत होते."

धाकटीने विचारलं, "एवढं झालं तरी काय होतं, दादा?"

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बोलायला तोंड उघडलं.

"प्लग," मी घाईने म्हणालो. "प्लग खराब होता."

पाठवणीला पोरीने पिवळी साडी नेसली, तेवढंच समाधान. परतीच्या वाटेवर गाडीने एकदाही कुरकुर केली नाही, याचाही मला रागच आला. राग नेमका कुणावर काढायचा, याचा घोळ काही सुटत नव्हता. प्लग, कंडेन्सर, अक्का, की चहा आणि फोनसाठी गाडी सोडून जाणारा मी? प्रवासात माणूस रस्ते ओळखायला शिकतो म्हणतात. मला शेजारी बसलेली बहीणही धड ओळखता आली नव्हती.

पारोळं मागे पडल्यावर अक्का पहिल्यांदा बोलली.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

मी उगाच आरसा नीट केला.

"पोचावं म्हणूनच लावत होते रे."

"माहीत आहे, अक्का," मी म्हणालो. मग ती रडायला लागली, आणि मी गाडी हळू चालवू लागलो.