रविवारची सवत

लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण ‘आणखी वाढ’ हे दोन शब्द शशिधर सबनीसांनी घरच्या पानावर कधी उच्चारले नव्हते. आमटी कशी झालीय विचारलं तर ‘ठीक’. पुरणपोळी? तीही ‘ठीक’च. ते बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. समोरच्याला गप्प करायची सवय घरीही आणलीय, असं सुप्रभा मैत्रिणींना सांगायची आणि सगळ्या हसायच्या. हसण्यावारी नेता येत होतं तोवर तिने नेलं.

मग अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात मंजिरीचा फोन आला. मंजिरीचा नवरा राजीव त्याच हॉस्पिटलात सर्जन. महिन्यातून एका रविवारी डिपार्टमेंटची मंडळी गावाबाहेर मैल-दोन मैल चालायला जायची आणि ‘द ब्राउन हेअर’ नावाच्या खेड्यातल्या पबमध्ये जेवायची. शशिधर अकरा वर्षं न चुकता जात होते. राजीव त्या महिन्यात पहिल्यांदाच गेला होता.

“अगं, तुझ्या नवऱ्याने म्हणे तिथला चिकन पाय, तो पेस्ट्रीत मांस भरून भाजतात ना, तो दोनदा मागून घेतला,” मंजिरी म्हणाली. “आणि ती मालकीण, ब्रेंडा, ते आत शिरले की विचारतसुद्धा नाही काय हवं ते. नुसतं ‘द यूज्वल, डॉक्टर?’ म्हणते.”

“मागून घेतला?”

“मागून. राजीवने स्वतः ऐकलं.”

सुप्रभाने फोन ठेवला आणि फोडणीतली मोहरी करपली.

ती मिरजेची. चौऱ्याहत्तर साली इथे आली, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एका हीटरवर पहिला हिवाळा काढला, मग स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी बाई. अंदाजपंचे काही तिला आवडायचं नाही. लिंबाचं लोणचंसुद्धा ती मोजून घालायची. एका लिंबाच्या सोळा फोडी, सगळ्या सारख्या. ऊन नसल्यामुळे बरण्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मागे, दोन महिने मुरायच्या. त्यातली एक बरणी दर महिन्याला शशिधर घेऊन जायचे. “थिएटरमधल्या नर्सेसना आवडतं,” म्हणायचे. त्या नर्सेसवर तिने कधी संशय घेतला नव्हता. आता वाटलं, घ्यायला हवा होता.

“पुढच्या वेळी मीही येणार,” तिने त्या रात्री जाहीर केलं.

“अगं, तू शाकाहारी. तुला काय मिळणार तिथे?”

“पाणी तर देतील?”

शशिधरांनी ‘ठीक’ म्हटलं, पण नेहमीपेक्षा जरा उशिराने.

नोव्हेंबरात दोघंच गेले. बाकीच्यांनी पावसामुळे चालणं रद्द केलं होतं. बुटका दरवाजा, काळ्या तुळया, शेकोटीसमोर झोपलेला कुत्रा. सुप्रभा मोरपंखी साडीवर जाड कोट घालून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. बारमागे ब्रेंडा होती. पन्नाशीची, बाह्या कोपरापर्यंत सारलेली. तिने शशिधरांना हात केला, सुप्रभाकडे बघून मान हलवली आणि पुन्हा ग्लास पुसू लागली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी आलं नाही.

“मी दिसत नाहीये का तिला?”

“अगं, पबमध्ये टेबलाशी कोणी येत नाही. बारवर जाऊन सांगायचं असतं.”

“बरी सोय आहे तुमची.”

शशिधर उठले आणि बारवर टेकून उभे राहिले. घरी कधी असे ओट्याला टेकून उभे राहिले नव्हते. ब्रेंडा काहीतरी म्हणाली, ते हसले. दात दिसतील असं. सुप्रभा ते दात मोजत बसली.

थोड्या वेळाने ब्रेंडा स्वतःच ताटं घेऊन आली. शशिधरांसमोर तो चिकन पाय, वर पेस्ट्रीचं झाकण. सुप्रभासमोर ब्रेड, चीजचा जाड तुकडा, कापलेला कांदा आणि छोट्या वाटीत काहीतरी पिवळं.

तिने चमच्याने एक फोड उचलली. उजेडाकडे धरली. सोळावा भाग, साल आतल्या बाजूने तासलेली. जिभेवर ठेवायची गरजच नव्हती, तरी तिने ठेवली.

“आमची खासियत आहे ही,” ब्रेंडा कौतुकाने म्हणाली. “डॉक्टर्स पिकल. लोक वुस्टरहून येतात चीजबरोबर खायला. तुमचे मिस्टर काय हुशार हो! सहा आठवडे कपाटात ठेवतात म्हणे, टॉवेलांच्या मागे.”

शशिधरांनी पायमध्ये मान घातली.

सुप्रभाला वाटलं होतं की राग ब्रेंडाचा येईल. तो तर केव्हाच ब्रेंडाला सोडून समोरच्या खुर्चीतल्या नवऱ्यावर जाऊन बसला होता. अकरा वर्षं हा माणूस इथे तिच्या लोणच्यावर वाहवा झेलत होता आणि घरी तेच लोणचं पानात घेऊन ‘ठीक’ म्हणत होता. गॅसची कुठली शेगडी कुठल्या बटणाची हेही ज्याला ठाऊक नाही, तो!

“सहा नाही, आठ,” ती ब्रेंडाला इंग्रजीत म्हणाली. “सहा आठवड्यांत साल कडूच राहते. हो ना, डॉक्टर?”

ब्रेंडाने एकदा सुप्रभाकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांच्या टकलाकडे.

“असं आहे होय,” ती म्हणाली. “या माझ्याबरोबर. किचनमध्ये एक बरणी आहे, तिला बुरशी धरतेय का ते सांगा.”

“मी पण येतो,” शशिधर अर्धवट उठले.

“तुम्ही बसा,” ब्रेंडा म्हणाली. “किचनमध्ये गिऱ्हाईक येत नाही.”

दोघी आत गेल्या. शशिधर एकटे बसले. आतून आधी ब्रेंडाचं हसणं आलं, मग सुप्रभाचं, मग दोघींचं मिळून. ताटातला चिकन पाय गार झाला. पाऊण तासाने सुप्रभा बाहेर आली, कोटाची बटणं लावतच.

परतताना गाडीत शशिधरांनी वायपर लावले.

“तिने विचारलं कोणी केलंय, मी म्हटलं घरचं आहे,” शशिधर म्हणाले. “तिला वाटलं मीच करतो. मग सांगायचं राहून गेलं.”

“अकरा वर्षं?”

शशिधरांनी वायपरचा वेग वाढवला.

“काय एवढं बोलत होतात?”

“लिंबांचं. मिठाचं. यापुढे बरणी मी घेऊन जाणार आहे, ते.”

“आणि माझ्याबद्दल?”

“तुमचा विषय निघाला नाही.”

शशिधरांनी गिअर बदलला, उगाचच. सुप्रभाने खिडकीबाहेर पाहिलं. तिला बरं वाटत होतं, पण पुरतं नाही. तो चिकन पाय त्यांनी दोनदा मागून घेतला होता, हे लोणच्याने पुसलं जाणारं नव्हतं.