भरदुपारी आलेलं खोकड

उभी नोकरी मी पोलादाच्या प्लांटात, सेफ्टी खात्यात काढली. हातमोजे न घालणाऱ्याला चारचौघांत झापायचो, नुसतं खरचटलं तरी फर्स्ट एडला पिटाळायचो. रिटायर होऊन प्लांटाजवळच्या रिसालीत घर बांधलं तेव्हा अक्कल बहुधा कंपनीच्या क्वार्टरमध्येच विसरून आलो.

घरामागच्या पडीक मैदानात खोकडं राहायची. कोल्ह्याहून लहान, माणूस दिसला की पसार. त्यातलं एक मार्चच्या भरदुपारी सरळ आमच्या नळापाशी आलं. डोळे चिपडलेले, चाल झोकांड्या खाणारी, जबडा आपोआप कडकडतोय. मला वाटलं, उन्हानं बेजार झालंय. वाटीत पाणी घेतलं आणि उघड्या हातानं त्याच्या तोंडाशी धरलं. त्याला आकडी आली आणि माझ्या अंगठ्याला दात लागला. संध्याकाळी ते मेलं.

मी हात साबणानं धुतला आणि गप्प बसलो. अख्ख्या प्लांटाला शिस्त लावणाऱ्यानं हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी कळवलं म्हणून जनावरांच्या डॉक्टरबाई खोकड न्यायला आल्या. तरुण पोरगी, घर मूळचं भंडाऱ्याकडचं. तिची नजर थेट माझ्या अंगठ्यावर गेली.

“काका, हे कव्हा झालं?”

मी काहीतरी थाप मारणार, तोच ती म्हणाली, “रेबीज असंन आन् लक्षणं दिसली, तं माणूस वाचत नाई.”

बायको दारातच उभी होती. “कावून सांगतलं नाई मले?” एवढंच म्हणाली आणि माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

डॉक्टरबाईनं मला स्वतःच्या स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. खोकडाच्या रिपोर्टची वाट न पाहता इंजेक्शनं सुरू झाली. रेबीज झालेल्याला पाणी गिळवत नाही म्हणतात, म्हणून पुढचे काही दिवस मी घोट घोट पाणी पिऊन स्वतःला तपासत होतो.

रिपोर्ट सांगायला ती घरी आली. रेबीज नव्हता. डिस्टेंपर होता, कुत्र्यांकडून रानातल्या जनावरांत जाणारा. माणसाला त्याची भीती नाही. तिनं नीट समजावलं. हा विषाणू आधी अंगातली रोगाशी लढणारी फौज लुळी करतो, मग मेंदूत शिरतो. उरलीसुरली फौज मागाहून तिथं धावते, आणि त्या झटापटीत मेंदूच सुजतो. खोकडाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांभोवती त्या पेशींची गर्दी दिसली होती.

मी तिला हात जोडले. रेबीज असता आणि ही पोरगी दटावायला नसती, तर मी लाजेपायी मेलो असतो. जन्मभर तिचा आभारी राहीन.

बायकोनं चहा आणला. डोळे पुसत तिनं विचारलं, “बाई, त्याले लय दुखलं असंन का वो?”

डॉक्टरबाईनं कप खाली ठेवला. “हो काकू. लय.”

मी जगलो या खुशीत होतो. ते खोकड माझ्या हातचं पाणी प्यायलं होतं की नाही, हे मला आठवेना.