रायफलचा स्क्रू आणि केटलचं हँडल

"माझा स्क्रू कुठे गेला?"

डॉक्टरबाईंनी रायफल एकदा उजवीकडून पाहिली, एकदा डावीकडून पाहिली आणि हे विचारलं. मी त्यांच्यासाठी चहा ओतत होतो. खरं म्हणजे शाबासकीची वाट बघत होतो.

"कुठला स्क्रू?"

"इथला. मॅगझिनच्या जरा पुढे, लाकडातून आरपार गेलेला."

"हां, तो! तो काढला मी. आणि भोक असं बुजवलंय की भिंग लावलंत तरी सापडायचं नाही."

"काढलात?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. बाई भूल देणाऱ्या डॉक्टर. पेशंटला आकडे मोजायला सांगताना हाच आवाज लावत असणार.

नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊला एका गनस्मिथच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होतो. जुन्या बंदुका दुरुस्त करणं हे आमचं काम, आणि त्यातलं लाकूडकाम माझं. पुण्यातले नातेवाईक मात्र "विनायक तिकडे तोफखान्यात आहे" असंच सांगायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही. सगळ्याच गोष्टी दुरुस्त करू नयेत, हे मला तेव्हाही अधूनमधून कळायचं.

डॉ. सुधा घारपुरे पिनरच्या. आठवडाभर हॉस्पिटल, रविवारी रायफल क्लब. त्यांनी एका लिलावात ही थ्री-नॉट-थ्री घेतली आणि दुरुस्तीला आमच्याकडे आणली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती. ही भारतातच बनलेली, शिक्क्यासकट. पण मधल्या कुणा मालकाने ती 'स्पोर्टराइझ' केली होती. म्हणजे लष्करी रायफलची हरणं मारायची बंदूक करायला गेला होता. पुढचं लाकूड करवतीने अर्ध्यात कापलं, नळीवरचं लाकडी झाकण फेकून दिलं, दस्त्याला रबराची टाच चिकटवली आणि वर बोटीला लावतात तसलं चकचकीत व्हार्निश फासलं. नळी शाबूत राहिली, ती बहुधा करवत बोथट झाली म्हणून.

"ही रायफल नाही, टेबल लॅम्पचा स्टँड आहे," आमचा बॉस रॉय म्हणाला. "पार्ट्स काढून ठेव, व्हिन. बाकीचं बिनमध्ये."

कुणी 'नको' म्हटलं की मला चेव येतो. पुण्यातली पहिली नोकरी याच गुणावर गेली होती. मी रायफल माझ्या बेंचवर ठेवून घेतली.

बाईंनाही चेवच आला होता. त्यांच्या क्लबात ऑक्टोबरमध्ये जुन्या लष्करी रायफलींची मॅच असे. नियम एकच, रायफल 'अ‍ॅज इश्यूड' हवी. सैनिकाच्या हातात दिली तशी. तपासायला क्लबचे कॅप्टन, एक रिटायर्ड मेजर. त्यांनी बाईंची रायफल पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, टोमॅटोच्या रोपाला आधार द्यायला बरी आहे." बाई म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये भेटू." ती रायफल घेऊन त्या मॅचला उतरायचंच, हे तिथेच ठरलं.

मी कामाला लागलो. आधी व्हार्निश खरवडलं. मग एका मोडीत निघालेल्या रायफलचं पुढचं लाकूड मिळवलं आणि या कापलेल्या लाकडाला सांधलं. या कामात एक लबाडी असते. नळी आणि लाकूड एकत्र धरणारी एक लोखंडी पट्टी मध्यावर असते. सांधा बरोब्बर त्या पट्टीखाली आणायचा. पट्टी चढवली की सांधा गायब. मग जवसाचं कच्चं तेल, तळहाताने चोळून. ते वाळता वाळत नाही. एक हात झाला की थांबायचं, मग दुसरा. ईलिंगच्या आमच्या घरात इतका वास भरला की बायको म्हणाली, "एवढ्या जवसाची चटणी केली असती तर वर्षभर पुरली असती."

आणि मग तो स्क्रू दिसला. लाकडातून आडवा ठोकल्यासारखा, दोन्ही बाजूंनी ओबडधोबड डोकं वर आलेलं. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? 'शी! आपल्याकडचा जुगाड!' गोरा माणूस बघून हसेल, या विचाराने मला रायफलच्या वतीने लाज वाटली. स्क्रू काढला. अक्रोडाच्या लाकडाची खुंटी करून, रेषेला रेष जुळवून भोक बुजवलं. तसं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही जमलं नाही.

"विनायकराव," बाई चहाचा मग बाजूला ठेवून म्हणाल्या, "माझे बाबा खडकीला लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर होते. आपल्या उन्हापावसात या जागी लाकूड तडकायचं. म्हणून तिथे हा स्क्रू घालायचे. दुरुस्तीला आलेल्या रायफलींना बाबा स्वतः बसवायचे. जेवतानासुद्धा त्यांच्या बोटांना तेलाचा वास यायचा. मी ही रायफल त्या स्क्रूसाठी घेतली होती."

मी बुजवलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"ज्या माणसाने हिचं वाटोळं केलं, त्याने तेवढा स्क्रू ठेवला होता हो."

मी रॉयला इंग्रजीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग उत्तमच झालं की! मेजरला असले स्क्रू बघवत नाहीत. 'बझार बॉज' म्हणतो, बाजारी ठिगळ. स्क्रू नाही म्हणजे रायफल डोळे झाकून पास."

"स्क्रूशिवाय पास व्हायचं नाहीये मला," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आहे ना तो? की फेकलात?"

फेकला नव्हता. मी पुणेकर आहे. चांगला स्क्रू फेकत नसतो. मी हातातल्या केटलकडे पाहिलं. तिचं हँडल खूप दिवस लटलटत होतं, आणि तो स्क्रू तिथे असा फिट्ट बसला होता, जणू तिच्यासाठीच केला असावा. बाईंनी माझ्या नजरेमागे नजर नेली.

"म्हणजे आत्ता मला जो चहा दिलात, तो..."

"हो."

त्या इतक्या हसल्या की रॉय धावत पाणी घेऊन आला. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "पुन्हा बसवा."

माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम कामात मी स्वतःच्या हाताने ड्रिल घातलं. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

ऑक्टोबरमध्ये मीही रेंजवर गेलो. बारीक पाऊस, बोचरा वारा, सगळे नेमबाज आपापल्या जागी. मेजरांनी रायफल हातात घेतली. पट्टीवरून अंगठा फिरवला. माझा सांधा त्यांना दिसला नाही. मग अंगठा स्क्रूवर थांबला.

"हे चालणार नाही. नॉट अ‍ॅज इश्यूड."

"कुणी इश्यू केलेली?" बाईंनी विचारलं.

"आर्मीने, मॅडम."

"कुठल्या आर्मीने? शिक्का वाचा. ही तुम्हाला कधी इश्यू झालीच नव्हती. आम्हाला झाली होती. आणि आम्हाला ती अशीच मिळायची."

मेजर म्हणाले, कमिटीला विचारावं लागेल, मॅच संपल्यावर बघू. बाईंनी आपल्या जागेवर चटई पसरली आणि पालथ्या झोपल्या.

"मी थांबते. सर्जनचं मन तयार होईपर्यंत थांबायची सवय आहे मला."

रांगेतले सगळे बघायला लागले. बाई हलेपर्यंत मॅच सुरू होणार नव्हती. मेजरांचे कान लाल झाले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, मलाही हे ठिगळच वाटलं होतं. मी काढूनही टाकला होता."

"तुम्ही कुठले?"

"पुण्याचा."

"पूनाचे असून काढलात?"

"काढला आणि केटलला लावला, सर."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मेजरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की या रेंजवर आपल्यापेक्षा मोठा गाढव हजर आहे याचा त्यांना मनापासून आधार वाटला असावा. त्यांनी वाकून रायफल बाईंच्या हातात दिली.

"ठिगळ ते ठिगळच, मॅडम. पण सरकारी ठिगळ. कॅरी ऑन."

मॅचमध्ये बाई मधेच कुठेतरी आल्या. मेजर त्यांच्या थोडे वर. कप तिसराच कुणी घेऊन गेला. बाईंनी निकालाचा फळा पाहिलासुद्धा नाही. रायफल पुसताना स्क्रूवरून मात्र कापड दोनदा फिरवलं.

मी त्या दिवसापासून एक नियम पाळतो. ओबडधोबड दिसलं म्हणून लगेच हत्यार उचलायचं नाही. आधी विचारायचं की हे कुणी बिघडवलंय, की कुणी मुद्दाम केलंय. आपल्याकडचं असेल तर दोनदा विचारायचं.

केटलचं हँडल निघालं ते निघालंच. मी नवा बोल्ट आणला, तर रॉयने तो काढून घेतला. ते वर्कशॉप बंद होईपर्यंत आम्ही केटल फडक्याने धरूनच चहा ओतला. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं तरी तो ओरडायचा, "हात लावू नकोस, व्हिन! अ‍ॅज इश्यूड!"